पाठ केलेली प्रार्थना ‘खरी’ नसते का?

अधूनमधून फिरणारा एक संदेश आहे: प्रार्थना स्वतःच्याच शब्दांत करावी, पुस्तकातली किंवा पाठ केलेली देवाला चालत नाही, येशूनेच ती मना केली आहे. आधाराला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले ६:७ (अध्याय ६, वचन ७) दिलेले असते.

वचन खरे आहे, पण तिथेच न थांबता दोन ओळी पुढे वाचा. सातव्या वचनात ‘व्यर्थ बडबड’ नको म्हटले आहे, म्हणजे पुष्कळ बोललो की ऐकले जाईल हा समज नको. आणि नवव्यापासून लगेच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूनेच शिकवलेली प्रार्थना सुरू होते. लूक ११ मध्ये तर एक शिष्यच येशूला म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. शब्द मागून घेण्यात कमीपणा असता, तर उत्तरादाखल शब्द मिळाले नसते.

वधस्तंभावरची येशूची हाक पाहा: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे जुन्या करारातल्या बावीसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. अत्यंत वेदनेत ओठांवर आले ते जुनेच शब्द. अटकेआधी गेथशेमाने बागेतही येशूने तिसऱ्यांदा त्याच शब्दांत प्रार्थना केल्याचे मत्तय २६:४४ सांगते.

स्वतःचे शब्द अर्थातच चालतात. येशूच्या दृष्टांतातल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती (लूक १८:१३). जुन्या करारात मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते. याजकाला ती प्यालेली वाटली! शब्दच सुचत नसतील, तर रोमकरांस पत्र ८:२६ काढा. पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, तीही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, असे तिथे लिहिले आहे.