मुंबई-दुबई दीड तासात? नाही हो!

आमच्याकडं परभणी, नांदेडचे किती तरी लोकं कामाला दुबईला जायलेत आणि तरी एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच फिरते, की जाताना विमानाला दीड तास लागतो अन् येताना सव्वाचार, कारण काय तर पृथ्वी खालून फिरते आणि दुबई आपोआप जवळ येते. हे साफ चुकीचं आहे.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणजे समजा मुंबईहून सकाळी १० ला निघालात, तिथल्या ११:३० ला उतरलात, तर आपल्याकडं १ वाजलेला असतो, झाले की ३ तास! अंतर साधारण १९०० किलोमीटर, दीड तासात प्रवासी विमान एवढं जातच नाही.

आणि पृथ्वीचं म्हणाल तर हवा पण तिच्यासोबतच फिरते. धावत्या एसटीत नाणं वर उडवा, परत हातातच पडतं ना, तसंच.

उलट जाताना जरा जास्तच वेळ लागतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारं असतं, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, ते जाताना तोंडावर येतं अन् येताना पाठीमागून ढकलतं, म्हणून परतीचा प्रवास पंधरा-वीस मिनिटं लवकर उरकतो. पावसाळ्यात वरचं वारं बदलतं, मग हा फरक पण कमी होतो.

घरच्यांनो, विमानतळावर घ्यायला जाताना तिकिटावरची उतरायची वेळ बघा, ती मुंबईचीच असते, त्यात दीड तास मिळवू नका.