पार्श्वभूमी: पट्टे म्हणायचे की तरंग?

क्युप्रेटांमधल्या (तांबे-ऑक्सिजनच्या संयुगांमधल्या) उच्च-तापमान अतिसंवाहकतेचा, म्हणजे वीज विनारोध वाहण्याचा, १९८६चा शोध, पुढच्याच वर्षीचे नोबेल, द्रव नायट्रोजनची ७७ केल्विनची पातळी ओलांडणारे इट्रियमचे संयुग, हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. त्या धामधुमीत १९८८ साली आलेल्या एका आलेखाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लँथनम-बेरियम क्युप्रेटमध्ये आठ तांब्यांमागे एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एवढे डोपिंग, म्हणजे मुद्दाम केलेली भेसळ, झाले की अतिसंवाहकता जवळजवळ बुडते. त्याच्या अलीकडे-पलीकडे गेले की परत वर येते.

या खड्ड्याचे कारण १९९५ मध्ये न्यूट्रॉन प्रयोगातून पुढे आले. निओडिमियम घातलेल्या भावंड संयुगात होल सगळीकडे सारखे न पसरता ओळींत गोळा झाले होते. भाराची रचना स्फटिकाच्या दर चार एककांनी, चुंबकीय रचना दर आठ एककांनी. (न्यूट्रॉनला विद्युतभार दिसत नाही. दिसले ते अणूंचे किंचित सरकणे. भार त्यावरून ताडलेला.)

इथे 'पट्टे' हे नाव रुजले, आणि घोळ झाला तो या नावानेच. पट्टा म्हटले की भार आणि चुंबकत्व एकमेकांना बांधलेले, हे गृहीतच धरले जाई. शिवाय या संयुगांत स्फटिकाची जाळीच अशी कलते की पट्टे जागच्या जागी अडकतात. मग 'ही लँथनम घराण्याची खोड' म्हणून बाकीच्यांनी विषय बाजूला सारला. २००२ मध्ये बिस्मथच्या संयुगात चुंबकीय क्षेत्रामुळे पडलेल्या भोवऱ्यांभोवती चौकटीची नक्षी दिसली, पण ती पृष्ठभागावरची, म्हणून तिच्यावरही शंका.

इट्रियमच्या संयुगाने हा हट्ट मोडला. २००७ मध्ये तीव्र चुंबकीय क्षेत्रात क्वांटम दोलने (क्षेत्र बदलताना रोधासारख्या गुणांत दिसणारे नियमित चढउतार) मिळाली. त्यांवरून इलेक्ट्रॉनांचा फर्मी पृष्ठ (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधली सीमा) छोट्या तुकड्यांत मोडलेला दिसत होता. तो मोडला कशाने? २०११च्या एनएमआर (अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद) मोजमापांत भाराचा क्रम सापडला, चुंबकीय क्रम नाही. २०१२ मध्ये क्ष-किरणांनी त्यावर शिक्कामोर्तब केले: सुमारे ३.२ एककांचा तरंग, थंड करत जावे तसा वाढणारा, अतिसंवाहकता सुरू होताच ओसरणारा. १७ टेस्लाचे क्षेत्र लावून अतिसंवाहकता दाबली की तो पुन्हा जोर धरतो. दोघांतली चुरस याहून उघड दिसणे कठीण. पुढच्या तीन वर्षांत बिस्मथ, पारा आणि इलेक्ट्रॉन-डोपित (होलऐवजी जादा इलेक्ट्रॉन घातलेल्या) संयुगांतही भाराचा क्रम मिळाला.

तेव्हापासून 'पट्टे'वाले आणि 'भार-घनता तरंग'वाले असे दोन तट आहेत. डोपिंग वाढवले की लँथनम घराण्यात आवर्तन आखूड होते, इट्रियममध्ये लांबते. तेव्हा ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, असा तरंगवाल्यांचा दावा. तो मला घाईचा वाटतो. २०१७ मध्ये त्या मूळ खड्ड्याच्याच संयुगात, एक-अष्टमांश डोपिंगवर, पट्टे विरघळल्यानंतरच्या तापमानाला मोजणी झाली. तिथे भाराचे अस्पष्ट तरंग उरले होते, त्यांचे आवर्तन बदललेले होते आणि चुंबकत्वाशी बांधलेली गाठ सुटली होती. म्हणजे एकाच संयुगात पट्टेही दिसतात आणि तरंगही.