सापळ्यात पडतो तो नर

कपाशीत लावायच्या कामगंध सापळ्याची गोळी, म्हणजे ल्यूर, पाकिटातून काढली की तिला रबराखेरीज कसलाच वास येत नाही. बोटाच्या पेराएवढा बुचासारखा रबराचा तुकडा, आणि त्यात मुरवलेले, मादीच्या गंधाची नक्कल करणारे रसायन जेमतेम काही मिलिग्रॅम. रात्री मात्र शेंदरी (गुलाबी) बोंडअळीचे नर पतंग वाऱ्याच्या उलट दिशेने उडत याच तुकड्याकडे येतात आणि नरसाळ्यातून खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडतात. मादी येत नाही. सकाळी पिशवीत पंधरा-वीस पतंग दिसले की वाटते, चला, एवढे तरी मेले. या समाधानातच सापळ्याचा निम्मा उपयोग वाया जातो. सापळा हे मुळात औषध नव्हे, मोजमाप आहे. ते मोजमाप कशाचे, हे कळायला आधी त्या गंधाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

फेरोमोन हा शब्द पेटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी १९५९ मध्ये घडवला. हार्मोन शरीरातल्या शरीरात निरोप पोचवते. फेरोमोन एका प्राण्याच्या शरीराबाहेर पडून त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला वागायला किंवा बदलायला लावते. काही निरोप तत्काळ काम करतात. मधमाशीने डंख मारला की नांगीपाशी आयसोपेंटिल अॅसिटेट सुटते, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास असतो, आणि बाकीच्या माश्या नेमक्या त्याच जागी तुटून पडतात. काही निरोप सावकाश मुरतात. पोळ्यातल्या राणीच्या जबड्याजवळच्या ग्रंथीतून येणारा गंध कामकरी माश्यांच्या अंडाशयांची वाढ रोखून धरतो. राणी नाहीशी झाली की काही आठवड्यांत त्यांतल्या काही जणी अंडी घालू लागतात. पतंगांचा कामगंध पहिल्या प्रकारचा. नर तो हुंगतो आणि लगेच निघतो.

‘त्याच जातीच्या’ ही अट सोडली की घोळ होतो. कोकणात आंब्याच्या फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा वापरतात. त्यालाही सर्रास कामगंध सापळा म्हटले जाते. पण त्यातले मिथिल युजेनॉल माशीचे नव्हे, वनस्पतींचे रसायन आहे. तुळशीतही ते सापडते. फळमाशीचा नर ते खातो आणि त्यापासून स्वतःचा गंध तयार करतो. म्हणजे तो जोडीदाराच्या शोधात नव्हे, कच्चा माल घ्यायला येतो. सापळ्यातून दिसणारा परिणाम एकच, कारण निराळे.

बोंडअळीचा खरा गंध हुडकताना शास्त्रज्ञ चांगलेच चकले होते. १९६६ मध्ये अमेरिकेत एक रेणू जाहीर झाला, त्याला नाव मिळाले प्रोपिल्युअर. प्रयोगशाळेत तयार केलेले हे रसायन शेतात ठेवले तर नर तिकडे फिरकतही नव्हते. पुढे शेकडो रसायने चाचपून हेक्साल्युअर सापडले. त्याला नर येत, पण जिवंत मादीच्या तुलनेत फारच थोडे. १९७३ मध्ये कोडे सुटले. मादीचा गंध एका रसायनाचा नव्हताच, दोन जुळ्या रसायनांचा होता. दोन्ही सोळा कार्बनच्या साखळीची अॅसिटेटे, दोन्हींत सातव्या आणि अकराव्या कार्बनपाशी दुहेरी बंध. फरक एवढाच, की अकराव्या जागेवरच्या बंधापाशी एकाची साखळी एका बाजूला वळते, तर दुसऱ्याची सरळ पुढे जाते. अणू तेच आणि तितकेच, घडी वेगळी. मादी ही दोन्ही जवळजवळ निम्मी निम्मी सोडते. या मिश्रणाला गॉसिप्ल्युअर म्हणतात आणि बाजारातल्या गोळीत तेच असते.

प्रमाणाला एवढे महत्त्व का, तेही याच रसायनांत दिसते. साठवलेल्या भाताला आणि मक्याला लागणाऱ्या एका पतंगाची मादी या जुळ्यांपैकी एकच रसायन वापरते. तिच्या नराला ते एकटे पुरते. बोंडअळीच्या नराला हवी जोडी. याहून नवलाची गोष्ट हत्तीची. आशियाई हत्तीण माजावर आली की तिच्या मूत्रात बारा कार्बनचे एक अॅसिटेट उतरते, आणि बेट्स रासमुसेन यांनी १९९६ मध्ये दाखवले की शंभरावर जातींच्या पतंगमाद्या नेमके तेच रसायन आपल्या मिश्रणात वापरतात. पतंग हत्तिणीमागे लागत नाही, कारण त्याच्या निरोपात आणखी दोन-चार रसायने ठरावीक मापाने असावी लागतात. फोडणीत नुसती मोहरी असून आमटी होत नाही, तसेच हे.

हे माप ओळखणारे नाक नराच्या स्पर्शिकांवर असते. तिथल्या सूक्ष्म केसांत निरनिराळ्या रेणूंसाठी निरनिराळ्या चेतापेशी असतात आणि त्यांच्या संदेशांच्या तुलनेतून मेंदू प्रमाण ओळखतो. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीम पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून काही मिलिग्रॅम बॉम्बिकॉल मिळवून १९५९ मध्ये जाहीर केले, तो पहिला ओळखला गेलेला कामगंध. त्याच पतंगावर पुढे दिसून आले की चेतापेशी जागी व्हायला एक रेणूही पुरतो. मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एका वेळी सुटणारा गंध नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शांत मोजतात, तरी तो पुरतो तो यामुळेच.

नर गंधाच्या उगमाकडे नाकासमोर उडत जातो असे मात्र नाही. उदबत्तीच्या धुरासारख्या या गंधाच्या तुटक रेषा वाऱ्यावर वाहत असतात. रेषा लागली की नर वाऱ्याच्या तोंडी झेपावतो. सुटली की आडवा, डावी-उजवीकडे हेलकावत ती पुन्हा हुडकतो. गंध मधूनमधून तुटणे त्याला आवश्यक असते. एकसारख्या गंधाच्या धुक्यात ठेवला तर पुढे जाणे थांबवतो. सापळ्याबाबतचे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात.

सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा एक ते दीड फूट उंच असावा, म्हणजे गंधरेषा झाडांवरून मोकळी वाहते. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी सापळे लावतात, तेव्हा झाड लहान असते. पुढे कपाशी वाढत जाते आणि सापळा काठीवर जिथल्या तिथे राहतो. सप्टेंबरात बघावे तर तो पानांत बुडालेला, पिशवी रिकामी, आणि निष्कर्ष काय, तर बोंडअळी नाही. अशी चूक दर हंगामात घडते. काठीला दोन-तीन खाचा ठेवून सापळा वर सरकवत राहणे एवढाच तिचा उपाय. एका सापळ्यात दोन गोळ्या घातल्याने दुप्पट पतंग येत नाहीत. गंध फार दाट झाला तर नर अलीकडेच थबकतात. बोंडअळीच्या गोळीशेजारी अमेरिकन बोंडअळीची गोळी लावली तर दोन्ही निरोप बिघडतात. तीच गोष्ट हाताची. एका जातीची गोळी हाताळलेल्या बोटांनी दुसऱ्या जातीची गोळी लावू नये. हातमोजे किंवा चिमटा वापरावा. जुनी गोळी शेतात फेकून देण्याची सवय सर्वांत वाईट. बांधावर पडलेली ती गोळी आठवडे गंध सोडत राहते आणि नरांना सापळ्यापासून भुलवते. जुनी गोळी पिशवीत बंद करून शेताबाहेर न्यावी.

गोळी साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलतात. नेमके दिवस पाकिटावर असतात. ऊन जास्त तितका गंध लवकर संपतो. कृषी केंद्राच्या काचेमागे उन्हात टांगलेली पाकिटे घेऊ नयेत, घरी आणल्यावर ती फ्रीजमध्ये न फोडता ठेवावीत.

निरीक्षणासाठी एकरी दोन, म्हणजे हेक्टरी पाच सापळे पुरतात. त्यांत ४५-५० मीटर अंतर पडते. पिशवी रोज सकाळी मोजून रिकामी करायची. एका सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. सलग हा शब्द विसरू नये. तीन दिवसांनी एकदा पिशवी उघडून २४ पतंग मोजले तर त्यांतले वीस एकाच वादळी रात्री शेजारून आलेले असू शकतात. पतंग कुजले तर मोजणी चुकते, आणि मुंग्या तर ते सरळ उचलून नेतात. काठीला ग्रीसचा पट्टा दिला की मुंग्या चढत नाहीत.

या मोजणीची घाई कशासाठी? समागमानंतर मादी अंडी घालते, ती ३ ते ५ दिवसांत उबतात, आणि अळी जन्मल्यावर लवकरच पात्यात (म्हणजे कळीत), फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडावरचे तिचे छिद्र बुजून जाते. मग वरून काहीही फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटी वाणांतील, म्हणजे अळीला मारणारे जिवाणूचे प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या कपाशीतील, दोन प्रथिनांना ही अळी दाद देईनाशी झाल्यापासून, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात त्याचा जबर फटका बसल्यापासून, हे चार दिवस फार मोलाचे ठरले आहेत. सापळा तेवढे दिवस आधी सांगतो. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमलणारी फुले, दिसायची वाट पाहिली तर अळी आधीच आत असते.

आकडा कधी वाचायचा यालाही अर्थ आहे. जून-जुलैत सापळ्यात नर पडतात, पण कपाशीला अजून पात्या नसतील तर त्यांच्या माद्यांच्या अळ्यांना खायलाच काही नाही. ती पिढी तशीच संपते. तेव्हा फवारणी करणे म्हणजे पैसे उडवणे. हे सुरुवातीचे पतंग बहुतेक गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांतून (कपाशीच्या वाळक्या काड्यांतून), फरदडीतून (हंगामानंतरही राखलेल्या कपाशीतून) आणि जिनिंगमधल्या सरकीतून निघालेले असतात. म्हणूनच जिनिंगच्या आवारातही सापळे लावायला सांगतात. उलट ऑक्टोबरानंतर शेतात खऱ्या माद्या इतक्या होतात की गोळीला स्पर्धा वाढते. प्रादुर्भाव चढत असतानाही आकडा खाली येऊ शकतो. थंड रात्रीही पतंग कमी उडतात. या दिवसांत सापळ्यावर एकट्यावर विसंबू नये. एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोनांत जिवंत अळी म्हणजे दहा टक्के, तीच कारवाईची रेषा.

मग सापळे वाढवून सगळे नरच का धरू नयेत? हिशेब करू. समजा शंभर नर, शंभर माद्या. सापळ्यांनी ऐंशी नर पकडले. उरलेले वीस नर एकेका रात्री एकेक मादी गाठतात. पाच रात्रींत शंभर माद्या फळल्या. अंडी कमी झाली नाहीत, थोडी लांबली. पतंगांची संख्या मुळातच कमी असताना, एकरी आठ-दहा सापळे आणि सगळ्या गावाने एकदम लावले तर सामूहिक पकड काही प्रमाणात साधते. मोठ्या प्रादुर्भावात एकट्या शेतात ती साधत नाही.

गंधाचा जास्त हुशारीचा उपयोग उलटा आहे. नराला ओढायचे नाही, गोंधळवायचे. गॉसिप्ल्युअर मुरवलेल्या बारीक नळ्या किंवा दोऱ्या झाडांना बांधून सारे शेत गंधाने भरून टाकतात, मग नराला मादीची रेषा वेगळी सापडत नाही. समागम अडवण्यासाठी अमेरिकेत नोंदणी झालेला पहिला कामगंध हाच, १९७८ मधला. पुढे बीटी कपाशी, वंध्य पतंग सोडणे आणि पऱ्हाट्या गाडणे यांच्या जोडीने तो वापरून अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही दोऱ्या मिळतात. त्यांची गोम अशी, की शेजारच्या शेतात फळलेली मादी उडत येऊन अंडी घालून जाते आणि तिला या गंधाशी काही देणेघेणे नसते. चार-पाच एकरांत एकट्यानेच दोऱ्या बांधल्या तर बांधालगतच्या ओळींत अळी हमखास सापडते. शिवारच्या शिवार घेतले तर कडा कमी पडतात. आणि दोऱ्या बांधलेल्या शेतातला कामगंध सापळा बहुधा रिकामाच राहतो, कारण नराला तोही सापडत नाही. तिथे शून्य पतंग म्हणजे शून्य अळी असे धरता येत नाही. बोंडे फोडूनच पाहावी लागतात.