दुसऱ्याचा चेक उधारीत वळता करून घेताना

कापसाचा हंगाम लागला की जळगाव-धुळ्याच्या बाजारात रोकड कमी आणि चेक जास्त फिरतात. शेतकरी कृषी केंद्रावर येतो, खिशातून कापूस घेणाऱ्या जिनिंगवाल्याचा बेअरर चेक (जो घेऊन जाईल त्याला पैसे) काढतो, "भाऊ, बियाण्याची उधारी यातून वळती करा." दुकानदार पुढच्या तारखेचा चेक ठेवून घेतो. तारीख येते तेव्हा जिनिंगवाला सांगतो, कापूस ओला निघाला, पेमेंट थांबवलंय. आता दुकानदाराने कोणाला धरायचं?

खुशाल जिनिंगवाल्याला धरा. ओल्या कापसाचं भांडण त्याचं आणि शेतकऱ्याचं. मोबदला देऊन चेक घेणाऱ्याच्या गळ्यात ते घालता येत नाही. उधारी वळती केली, हाही मोबदलाच. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने (वकील मंडळींचा एनआय ॲक्ट) कलम ९ मध्ये अशा धारकाला (म्हणजे चेक ज्याच्या हाती आहे त्याला) खास स्थान दिलंय. अटी तीन: मोबदला दिलेला हवा, रक्कम देय होण्याआधी कागद हाती आलेला हवा, आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट आहे असं वाटायला पुरेसं कारण नको. लाखाचा चेक कोणी साठ हजारांत देऊ करत असेल, तर "मला काय माहीत" हे कोर्टात टिकणं अवघड. एकदा बाउन्स होऊन परत आलेला चेक घेतलात, तर देणाऱ्याचा जेवढा हक्क तेवढाच तुमचा.

चोरीच्या चेकचं काय? इथे लोक हमखास गोंधळतात. बेअरर चेक चोरीचा निघाला, पण तुम्ही वरच्या तिन्ही अटी पाळून घेतला असेल, तर तुमचा हक्क शाबूत राहतो (कलम ५८). ऑर्डर चेकवर (नाव लिहिलेल्याला किंवा तो मागे सही करून देईल त्याला पैसे) मागे खऱ्या मालकाची खोटी सही असेल, तर मात्र तुम्ही कितीही सरळ असा, हक्क मिळत नाही. म्हणून मागची सही तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या आणि ओळखपत्राशी ताडून पाहा. 'नॉट निगोशिएबल' लिहिलेला चेक घेतलात, तर देणाऱ्याच्या हक्कातली खोटही तुमच्याकडे येते. 'अकाउंट पेयी' चेक तर दुसऱ्याच्या खात्यात जमाच होत नाही. आमचं मत विचाराल तर असा चेक मागे सही घेऊन ठेवूच नका. शेतकऱ्याने तो आपल्या खात्यात भरावा आणि तुम्हाला रक्कम पाठवावी.

कोर्ट सुरुवातीला धारकाच्या बाजूने गृहीत धरतं (कलम ११८). पण कागद चोरीने किंवा फसवणुकीने मिळवल्याचं समोरच्याने दाखवलं, की सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तेव्हा कामाला येते ती वहीतली त्याच दिवशीची नोंद: चेक नंबर, कोणी दिला, कोणत्या बिलापोटी. नंतर शाई बदलून घुसवलेली ओळ वकील लगेच पकडतो.

चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक काढणाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. ती पोचल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. नाही दिले, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली (चेक बाउन्सचा गुन्हा) कोर्टात तक्रार. हा मार्ग तुमच्यासारख्या धारकालाही खुला आहे. "केळीची गाडी निघाली की देतो" म्हणत समोरचा महिना काढतो आणि नोटिशीची मुदत टळते, हे रावेर-यावलकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

शंका असेल तर चेक घेण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो आमच्या व्हॉट्सॲपवर टाका. बघून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.