लसीका निचरा मालिश
लसीका निचरा मालिश : शस्त्रक्रियेनंतर ऊतींत साचलेला द्रव अगदी हलक्या हाताने पुढे सरकवण्याची पद्धत. एमिल व एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने ती १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केली.

लसीका म्हणजे ऊतींतून गोळा होऊन बारीक वाहिन्यांतून रक्ताकडे परतणारा द्रव. तिला हृदयासारखा पंप नसतो. स्नायूंची हालचाल, श्वास आणि वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन यांच्या बळावर ती वाहते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीकाग्रंथी काढल्या किंवा तेथे किरणोपचार दिले, की हाताकडून येणारी वाट अडते. हात जड वाटतो, बांगडी रुतू लागते. कधी कधी हे काही वर्षांनीही सुरू होते.

बाळंतिणीला तेल लावून रगडतात तसा हा प्रकार नव्हे. येथे बहुधा तेल नसतेच. त्वचा अलगद ताणायची आणि सोडायची. जोर दिल्यास त्वचेलगतच्या बारीक वाहिन्या दबतात. क्रमही उलटा वाटेल असा. हात सुजला असला तरी सुरुवात मानेपासून, गळ्याच्या हाडाजवळून होते. मग दुसऱ्या बाजूची काख, छाती, खांदा, दंड आणि सर्वांत शेवटी मनगट व बोटे. पुढची वाट मोकळी असल्याशिवाय मागचा द्रव जाणार कुठे? मालिश करणाऱ्याचा प्रत्येक हात मात्र धडाच्याच दिशेने फिरतो.

नुसत्या मालिशीने भागत नाही. नंतर दाबपट्टी बांधली नाही तर सूज पुन्हा भरते; व्यायाम आणि त्वचेची निगाही लागते. ठाणे, नवी मुंबईच्या दमट हवेत खरी परीक्षा पट्टीचीच. उष्म्याने सूज वाढते, नेमकी तेव्हाच पट्टी नकोशी होते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या ओल्या राहून चिखल्या होतात आणि तिथून जंतू शिरतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात तपासणीला जाणाऱ्या रुग्णांनी लोकलच्या गर्दीत जड पिशवी दुसऱ्या हातात धरलेली बरी.

लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे) किंवा गुडघेबदलानंतरही ही मालिश केली जाते. तेथे तिच्या फायद्याचा पुरावा तोकडा आहे.

शिरेत गुठळी, आटोक्यात नसलेला हृदयविकार किंवा जंतुसंसर्ग असल्यास ती वर्ज्य. हात लाल व गरम होऊन ताप आला, तर मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.