व्हायटल साइन्सचे गिटारवादक

व्हायटल साइन्स हा पाकिस्तानातील पॉप बँड १९८६ च्या सुमारास रावळपिंडी-इस्लामाबादमध्ये उभा राहिला. १९८९ ते १९९५ या काळात त्याचे चार अल्बम निघाले. गायक जुनैद जमशेद, की-बोर्डवर रोहेल हयात आणि बेस गिटारवर शहजाद हसन हे तिघे अखेरपर्यंत टिकले. गिटारवादक मात्र दहा वर्षांच्या आत पाच झाले : नुसरत हुसेन, सलमान अहमद, रिझवान-उल-हक, आमिर झकी आणि असद अहमद. गिटारवाल्याची ही जागा सतत का रिकामी होत राहिली, याचे उत्तर भांडणांपेक्षा बँडच्या आवाजातच अधिक सापडते.

हा आवाज रोहेल हयात यांच्या सिंथेसायझरमधून, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या की-बोर्डमधून, आलेला होता. बँडमध्ये ड्रमवादक म्हणून कायमचा कोणी नव्हता. ठेका बहुधा यंत्रावर बसवलेला असे. सिंथेसायझरचे लांबवलेले सूर गाण्यातील मधल्या उंचीच्या सुरांचा पट्टा भरून टाकतात आणि गिटारचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरही, नेमके त्याच पट्ट्यात वाजतात. त्यामुळे गिटारच्या वाट्याला सुट्या तारांची नाजूक छेड आणि दोन कडव्यांमधला एखादा छोटा तुकडा, एवढेच उरे. गाण्याला ते शोभत असे. पण हातात वीज असलेल्या वादकाला तेवढ्यावर भागवणे जड जाणारच.

पहिले गिटारवादक नुसरत हुसेन. १४ ऑगस्ट १९८७ या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने सरकारी पाकिस्तान टेलिव्हिजनवर (पीटीव्ही) बँडचे ‘दिल दिल पाकिस्तान’ झळकले. निसार नासिक यांचे शब्द आणि शोएब मन्सूर यांचे दिग्दर्शन. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत, देशात एकच दूरचित्रवाहिनी असताना, मोकळ्या हिरवळीवर जीन्स घातलेली चार पोरे गिटार घेऊन गाताना दिसली, हेच नवल होते. देशभक्तीचे गाणे असल्यामुळे ते पडद्यावर आले. प्रेमगीत असते तर आले असते का, शंकाच आहे. पुढे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या श्रोत्यांनी जगभरातील आवडत्या गाण्यांना मते दिली, तेव्हा ‘वंदे मातरम्’ दुसऱ्या आणि ‘दिल दिल पाकिस्तान’ तिसऱ्या क्रमांकावर आले. नुसरत मात्र त्याआधीच बाहेर पडून पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्समध्ये वैमानिक झाले होते. त्या काळी बँडमधील गिटारवादन हा पेशा मानलाच जात नव्हता. पक्की नोकरी मिळाली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकत. तरीही त्यांचे संगीत सुटले नाही. १९९२ मध्ये त्यांचा ‘अमृत’ हा स्वतंत्र अल्बम आला.

त्यांच्या जागी आलेले सलमान अहमद लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचे किशोरवय न्यूयॉर्कजवळ गेले होते आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेड झेपेलिनची मैफल ऐकून त्यांना गिटारचे वेड लागले होते. वैद्यकीय शिक्षणासाठी लाहोरला परतल्यावर विद्यार्थ्यांनी गुपचूप भरवलेल्या एका कार्यक्रमात कट्टरपंथी तरुण घुसले आणि त्यांनी सलमान यांची गिटार फोडली, अशी आठवण त्यांनी आत्मकथनात सांगितली आहे. व्हायटल साइन्सच्या १९८९ मधील पहिल्या अल्बमवर गिटार त्यांचीच. अल्बम गाजला, पेप्सीसारखी कंपनी बँडच्या पाठीशी आली. नेमक्या अशा बहरात, १९९० मध्ये, ते बाहेर पडले. त्यांना रॉक करायचा होता, आणि गोडव्यावर उभ्या असलेल्या या बँडमध्ये त्याला वाव नव्हता.

त्यांनी काढलेल्या ‘जुनून’ या बँडमध्ये गिटार मागून पुढे आली. १९९१ मधील पहिल्या अल्बमसाठी वैमानिक नुसरत हुसेनही सोबतीला होते, म्हणजे एकाच जागेवरचे दोन माजी गिटारवादक एकत्र आले. पुढे गायक अली अजमत आणि बेसवर ब्रायन ओकॉनेल यांच्या साथीने जुनूनने सूफी काव्य, तबला आणि विजेची गिटार यांची सांगड घातली. गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या असल्यामुळे सूर पायऱ्यांसारखे वेगळे पडतात. पण तार बोटाने आडवी ओढली की सूर वर सरकतो, सतारीवर मींड घेताना होते तसाच. सलमान यांच्या वादनात ही ओढ सतत ऐकू येते, आणि म्हणूनच ते तबल्याशेजारी उपरे वाटत नाही. १९९७ च्या ‘आझादी’ अल्बममधील ‘सय्योनी’ भारतातही पोहोचले. त्या काळात महाराष्ट्रातील अनेक घरांत केबल होती, आणि चॅनल व्ही ही संगीतवाहिनी पाहणाऱ्या पिढीला ते गाणे अजूनही पाठ आहे. १९९८ मध्ये जुनूनने भारताचा दौरा केला. त्याच वर्षी दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. अण्वस्त्र स्पर्धेविरुद्ध बोलल्यामुळे मायदेशी सरकारी रेडिओ-दूरचित्रवाणीवर बँडला बंदी झाली. २००१ मध्ये हाच बँड संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात वाजला.

इकडे व्हायटल साइन्समध्ये रिझवान-उल-हक आले. १९९१ चा दुसरा अल्बम आणि १९९३ चा ‘ऐतबार’ या दोन्हींवर त्यांची गिटार आहे. पाच जणांत सर्वांत कमी बोलले जाते ते त्यांच्याविषयी, आणि हे अन्यायाचे वाटते. कारण बँडच्या ठेवणीत चपखल बसलेले वादन त्यांचेच. गाण्याला लागेल तेवढेच वाजवायचे आणि थांबायचे, ही शिस्त त्यांच्यात दिसते. पण अशा वादकाचे नाव मागे राहत नाही, गाणे राहते.

आमिर झकी (१९६८–२०१७) यांचे उलट. जाझ आणि ब्लूजमध्ये मुरलेल्या कराचीच्या या वादकाला पाकिस्तानातले गिटारवाले आजही वडिलकीचा मान देतात. व्हायटल साइन्समध्ये ते अल्पकाळच होते. १९९५ मध्ये त्यांचा ‘सिग्नेचर’ हा अल्बम आला. त्यातील ‘मेरा प्यार’ लोकप्रिय झाले. हदीका कियानी यांच्यासह त्यांनी २००७ मध्ये ‘रफ कट’ हा इंग्रजी अल्बम केला. कसब अफाट, ध्वनिमुद्रणे त्या मानाने थोडी. २ जून २०१७ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय ४९ होते.

शेवटचे असद अहमद. कराचीच्या ‘द बार्बेरियन्स’मधून पुढे आलेला हा वादक ‘आवाज’ या पॉप बँडमध्येही वाजला. १९९५ च्या ‘हम तुम’ या व्हायटल साइन्सच्या अखेरच्या अल्बमवर त्यांची गिटार आहे. नंतर बँड विखुरला, जुनैद जमशेद पुढे धर्मप्रचाराकडे वळले आणि २०१६ मध्ये हवेलियनजवळच्या विमान अपघातात गेले. असद यांनी १९९७ मध्ये समीर अहमद यांच्यासोबत ‘कारवाँ’ हा रॉक बँड काढला.

२००८ मध्ये रोहेल हयात यांनी कोक स्टुडिओ पाकिस्तान हा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. तिथे लोकगायक, कव्वाल आणि पॉप गायक येत-जात, पण साथीचा वाद्यमेळ ठरलेला असे. सुरुवातीच्या हंगामांत त्या मेळात गिटार घेऊन बसलेले असत ते असद अहमद.