सद्गुणांचा हिशोब आणि एखादा खाडा

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांचा पसारा ते स्वतः आवरून ठेवत आणि ते बघून मुलांना वळण लागे. चांगल्या वळणाचा विषय निघाला की हा दाखला आठवतो. पण असं कोणी शेजारी नसताना, चाळिशीतल्या माणसाला आपला स्वभाव बदलता येतो का?

येतो, पण ‘स्वभाव’ एवढा मोठा घास घेऊन नाही. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे सरळ वागायचं. म्हणजे गुण माणसाइतकाच प्रसंगावरही अवलंबून असतो, म्हणून सराव प्रसंग धरूनच करायला हवा.

रावेरचा एखादा केळी बागायतदार घ्या. लाईट रात्रीची, पाणी भरण्यात झोप गेलेली आणि सकाळी मजूर उशिरा आलेला. ‘मी रागावणार नाही’ हा संकल्प तिथे टिकत नाही. ‘मजूर उशिरा आला, की आधी पाणी पिईन, मग बोलेन’ हा टिकण्याची शक्यता जास्त. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ योजनांचा परिणाम दाखवून दिला आहे.

मग नोंद. २०१६ साली १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्यांना उद्दिष्ट जास्त साधतं आणि ती लिहून ठेवली तर परिणाम आणखी वाढतो, असं त्यात दिसलं. दुधाचा हिशोब मांडतो त्या कॅलेंडरवरच खूण केली तरी पुरे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. एखादा खाडा पडल्याने फारसं बिघडलं नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. अर्थात त्या सवयी फळ खाण्यासारख्या साध्या होत्या. राग आवरायला जास्त वेळ लागेल असं धरून चालावं.

अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन १३ गुणांची वही ठेवी. दर आठवड्याला एका गुणावर भर आणि चूक झाली की काळा ठिपका. मला त्यात एक भर घालावीशी वाटते: चुकांसोबत प्रसंगही मोजावेत. मजूर वेळेवर आले त्या दिवशी ठिपका नाही, पण परीक्षाही झालेली नाही. तो रकाना कोराच ठेवावा आणि प्रसंग येऊनही निभावलं त्या दिवशी वेगळी खूण करावी.